पळायला लागणाऱ्यांना आधी हळू पळू द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पाऊस ओसरायला लागला की पळण्याच्या स्पर्धांचा सीझन चालू होतो, आधी आमच्या साताऱ्याची हिल मॅरेथॉन, मग डिसेंबरात पुणे, जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई, आणि आता तर तालुक्याच्या गावाला पण कुणी ना कुणी पाच-दहा किलोमीटरची स्पर्धा घेतंच. पेपरात पान भरून फोटो येतात, पहिले आलेले, मेडल दातात धरलेले, ढोलताशावाले, झेंडा दाखवणारे पाहुणे. आनंदच आहे. पण ते फोटो बघून ज्या माणसाला पहिल्यांदा वाटतं की आपण पण पळावं, त्याच्यासाठी त्या पानात एक ओळ नसते, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, कापायचं तर कापा, पण शेवटी रस्त्याबद्दल जे लिहिलंय ते तेवढं ठेवा.

मी साताऱ्यात राहते, बरीच वर्षं पळते, आणि आमच्या भागात ज्यांना पळायला सुरुवात करायचीय त्यांना, त्यात बायकाच जास्त, सकाळी सोबत घेऊन जाते. कोच वगैरे नाही. पण इतक्या जणांना सुरू करताना आणि सोडून देताना बघितलंय की एक गोष्ट छातीठोकपणे सांगते. सोडणारे बहुतेक जण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सोडतात आणि कारण जवळपास सगळ्यांचं एकच असतं. लोक सांगताना वय सांगतात, वजन सांगतात, गुडघे सांगतात, पण खरं कारण हे की ते फार जोरात पळतात.

काय होतं बघा, आपल्याकडे पळणं म्हटलं की डोळ्यासमोर येते ती शाळेतली १०० मीटर, शिट्टी वाजली की जीव खाऊन सुटायचं. नाहीतर पोलीस भरती, पोरांना १६०० मीटर आणि पोरींना ८००, तिथे तर सेकंदासेकंदावर मार्क. पळायचं म्हणजे जोरातच पळायचं हे डोक्यात इतकं घट्ट बसलंय की चाळिशीतला माणूस, कॉलेज संपल्यापासून बससाठी सुद्धा पळालेला नाही, तो नवीन बूट घालून पोवई नाक्यावरून जो सुटतो तो दोनशे मीटरवर कमरेवर हात ठेवून उभा राहतो. छाती धाडधाड, कुशीत कळ, घशाला कोरड. घरी जाऊन म्हणतो, आपल्याला नाही बाबा जमायचं हे. अहो, तुम्ही तुमच्या ताकदीच्या अगदी शेवटच्या टोकाला पळालात, त्या टोकावर कुणालाच टिकता येत नाही, रोज पळणाऱ्यालाही नाही. त्यावरून तुम्हाला पळणं जमत नाही असं ठरवू नका.

मग किती हळू पळायचं, तर सोबतच्या बाईला भिशीचा हिशोब पूर्ण वाक्यात सांगता आला पाहिजे इतकं हळू. एकेक शब्द तोडून बोलावं लागत असेल तर वेग जास्त आहे, कमी करा. घड्याळ नको, ॲप नको, ठोके मोजायचा छातीला पट्टा नको, बोलता येतंय का एवढंच बघायचं. सुरुवातीला हा वेग भरभर चालण्यापेक्षा जेमतेम जास्त असतो आणि कधी कधी एखादे चालणारे आजोबा तुमच्या पुढे निघून जातात. जाऊ द्या.

आमच्या कॉलनीत एक काकू आहेत, पन्नाशी ओलांडलेल्या, शुगर आहे. त्यांनी सुरुवात कशी केली ते जरा नीट सांगते कारण ते कुणालाही करता येईल. रस्त्यावरचे लाइटचे खांब धरायचे. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचं, मग दोन खांब चालायचं, परत एक खांब पळायचं. दोन खांबांत अंतर साधारण तीस मीटर धरा, त्यामुळे दम लागायच्या आतच चालणं येतं. अर्धा तास झाला की घरी, अंगात कितीही जोर शिल्लक आहे असं वाटलं तरी घरीच. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक-एक दिवस सुट्टी. असं दोन आठवडे गेले की दोन खांब पळणं दोन खांब चालणं, मग तीनला एक, आणि ज्या आठवड्यात जड जातंय असं वाटलं तो आठवडा परत पहिल्यापासून, त्यात कमीपणा काही नाही. पहिल्या दिवसांत काकू पळायच्या तेव्हा खांदे कानापर्यंत चढलेले, मुठी आवळलेल्या, नजर पायाजवळ, आणि प्रत्येक पाऊल लांब पुढे टाकायचा प्रयत्न, त्यामुळे टाच दणकन आपटायची. आता हात सैल असतात, पाऊल आखूड पडतं, अंगाच्या खालीच पडतं, आवाज सुद्धा येत नाही, आणि पळता पळता माझ्याशी सुनेच्या डोहाळजेवणाची यादी करतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, हळू पळत राहिल्यावर अंगानेच शिकून घेतलं. आता त्या अर्धा तास न थांबता पळतात.

आणि मधे मधे चालणं म्हणजे हरणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेले, त्यांनीच १९७४ पासून नवख्यांना पळणं-चालणं आलटून पालटून शिकवायला सुरुवात केली आणि त्या पद्धतीने जगभरात लोकांनी अख्ख्या मॅरेथॉन पूर्ण केल्या. ऑलिंपिकला गेलेला माणूस चाला म्हणतोय तर आपण कशाला लाजायचं? केनियातले लांब पल्ल्याचे जगातले सगळ्यात वेगवान लोक, त्यांच्याही आठवड्यातला बराच मोठा हिस्सा आरामात, गप्पा मारत पळण्याचा असतो. जोरातलं पळणं ते मोजून मापून, ठरलेल्या दिवशी करतात. आपल्याकडे नवीन माणूस रोजच शर्यत पळतो आणि महिन्याभरात नडगी धरून बसतो.

नडगीवरून आठवलं, हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणी सांगत नाही. पळायला लागलं की दम तीन-चार आठवड्यांत सुधारतो, हृदय आणि फुप्फुसं लवकर शिकतात. पण हाडं, टाचेमागची ती जाड शीर, गुडघ्याभोवतीचे बंध, यांना मजबूत व्हायला महिने लागतात. प्रत्येक पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि अर्ध्या तासात साडेचार-पाच हजार पावलं सहज पडतात. म्हणजे दुसऱ्या महिन्यात गंमत अशी होते की दम म्हणतो अजून पळ, आणि पाय त्यासाठी तयार नसतात. बहुतेक दुखणी इथेच होतात, नडगी ठणकणे, सकाळी उठल्यावर टाच टेकवेना, गुडघ्याच्या वाटीभोवती दुखणे. म्हणून अंतर एकदम वाढवायचं नाही, या आठवड्यात सगळे मिळून दहा किलोमीटर झाले असतील तर पुढच्या आठवड्यात अकरा करा, पंधरा नको. पोटऱ्या, मांड्या दोन्हीकडे सारख्या भरून आल्या तर ते ठीक, एक-दोन दिवसांत जातं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागी कळ असेल आणि पळताना वाढत असेल तर थांबायचं, बाम चोळून परत पळायचं नाही. पळताना छातीत दुखलं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, डोळ्यापुढे अंधारी आली तर तिथेच बसायचं आणि सरळ डॉक्टर. चाळिशी पार केलेल्यांनी, बीपी-शुगर असणाऱ्यांनी, ज्यांच्या घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झालाय त्यांनी सुरू करायच्या आधीच दाखवून घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पळायच्या आधी काय खायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बुटांवर लोक सगळ्यात जास्त बोलतात आणि मला वाटतं सगळ्यात कमी बोलायला पाहिजे. दहा-पंधरा हजाराचे बूट सुरुवातीला अजिबात लागत नाहीत. फक्त पळण्याचे बूट घ्या, शाळेचे कॅनव्हास किंवा जिममधले सपाट नकोत, दुकानात संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, मोजे घालून बघा, आणि पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. दुकानात चार पावलं पळून बघा. बुटांचे तळ साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर मऊपणा सोडतात, नवख्याला तिथवर जायला वर्ष सहज लागतं. काही जण म्हणतात आपले लोक अनवाणीच पळायचे, बारामतीत लताबाई करे नऊवारीत अनवाणी पळून पहिल्या आल्याच की. आल्या, आणि त्यांच्यापुढे मी हात जोडते, नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून त्या पळाल्या होत्या. पण ज्या पायांनी आयुष्यभर शेतात अनवाणी काम केलं ते पाय वेगळे आणि वीस वर्षं ऑफिसच्या फरशीवर चपलेत फिरलेले आपले पाय वेगळे.

बायकांसाठी एक गोष्ट बुटांपेक्षा महत्त्वाची, चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या. दुकानात पुरुष सेल्समन असतो म्हणून, घरी कुणी विचारेल म्हणून, बायका मागत नाहीत आणि मग छातीला, पाठीला दुखतं म्हणून पळणं सोडतात. पैसे कमी असतील तर बूट साधे घ्या पण यात काटकसर करू नका. बाकी कपडे काहीही चालतात, पंजाबी ड्रेसवर ओढणी क्रॉस बांधून पळणाऱ्या आमच्याकडे आहेत आणि मस्त पळतात.

खाण्यापिण्याचं फार डोक्यात घेऊ नका. अर्ध्या तासाच्या पळण्यासाठी उठल्यावर थोडं पाणी, फार तर अर्धं केळ, बस. एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या, जेलच्या पुड्या, हे सगळं तासाच्या वर पळणाऱ्यांचं. उन्हाळ्यात सुरुवात करू नका असं माझं मत आहे, मार्च-एप्रिलमध्ये सातच्या पुढे ऊन चढतं, विदर्भ-मराठवाड्यात तर विचारूच नका, नवीन माणूस उन्हाने दमतो आणि त्याला वाटतं आपणच कमी पडलो. दिवाळीनंतरची थंडी सगळ्यात चांगली. पावसाळ्यात पळायचं असेल तर बूट ओले होणारच, घरी आल्यावर आतला तळ बाहेर काढा आणि बुटांत जुना पेपर चुरगळून कोंबून ठेवा, तासाभराने बदला, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळतात. बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, नाहीतर चिखल्या होतात.

स्पर्धेबद्दल बोलायला पाहिजे कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होते आणि चुकीची होते. मित्राने नाव घातलं म्हणून हा पण घालतो, आणि घालतो ते एकदम हाफ, म्हणजे एकवीस किलोमीटर. आमच्या साताऱ्याची तर यवतेश्वरचा घाट चढून जायची, आणि मग तोच उतरायचा. चढ दिसतो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण गुडघे आणि मांड्या खरं तर उतारावर पिचतात, प्रत्येक पावलाला ब्रेक मारल्यासारखा भार येतो. वर्षभर नीट पळालेल्या माणसाची ती स्पर्धा आहे, दोन महिन्यांच्या तयारीची नाही. मला आमच्या गावाच्या स्पर्धेचा अभिमान आहे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभं राहून लोक अनोळखी माणसाला नावाने हाक मारतात, छातीवरच्या बिबवर, म्हणजे नंबरच्या कागदावर, नाव वाचून, असं दुसरीकडे मी क्वचित बघितलंय, आणि म्हणूनच वाटतं की नवीन माणसाने ती पहिलीच घेऊन तिची धास्ती घेऊ नये. आधी पाच, मग दहा, आणि दहा आरामात झालं की पुढचं बघा. मुंबईत ड्रीम रन आहे, सहा किलोमीटरच्या आसपासची, चालत गेलात तरी चालतं, रस्ता बंद केलेला असतो आणि अख्खी मुंबई आपल्या सोबत असते. फुलचा, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचा, विचार पहिल्या वर्षी करू नका. मुंबईत पेडर रोडचा चढ तीस किलोमीटर पार झाल्यावर येतो, बाकी दिवशी गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळत पण नाही.

आपल्या मातीतले मोठे धावपटू बघा. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळाली. नाशिकच्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा, २०२२ ला बर्मिंगहॅम कॉमनवेल्थमध्ये त्याने स्टीपलचेसला रौप्य आणलं. आपण त्यांचा शेवटचा वेग टीव्हीवर बघतो. त्याच्या मागे लहानपणापासून माळावर, पायवाटेवर, पाण्याला शाळेला असं जे चालणं-पळणं झालं ते आपल्याला दिसत नाही, आणि आपण नेमका तो भाग गाळून एकदम वेगावर जातो.

वयाचं कारण सांगणाऱ्यांना मी फौजा सिंग यांचं नाव सांगते. ८९ व्या वर्षी २००० साली लंडनला त्यांनी पहिली मॅरेथॉन केली आणि शंभरी गाठल्यावर २०११ ला टोरंटोची पूर्ण केली, आठ तासांच्या वर लागले, पण पूर्ण केली. हळू म्हणजे किती हळू याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते कसे गेले ते पण सांगते, म्हातारपणाने नाही, आजाराने नाही. जुलै २०२५ मध्ये जालंधरजवळ आपल्या गावाबाहेर रस्ता ओलांडताना त्यांना गाडीने उडवलं.

इथे मला जे खरं म्हणायचंय ते येतं. वर जे लिहिलं ते सगळं माणसाच्या हातात आहे, वेग, खांब, बूट, सुट्टीचा दिवस. रस्ता त्याच्या हातात नाही. जानेवारी २०२५ मध्ये बीड जिल्ह्यात घोडका राजुरीजवळ पहाटे पोलीस भरतीसाठी पळणारी पोरं बसखाली आली, तीन जण गेले. मार्च २०२३ मध्ये मुंबईत वरळी सी फेसवर, म्हणजे जिथे शहरातले सगळ्यात जास्त लोक पळतात तिथे, सकाळी पळणाऱ्या एका महिलेला भरधाव गाडीने उडवलं. ही पेपरात आलेली दोन गाजलेली प्रकरणं, पण पहाटे हायवेच्या कडेने भरतीची पोरं-पोरी ओळीने पळताना आपण रोज बघतो, अंगात काळा टी-शर्ट, कानात गाणी, पाठीमागून येणाऱ्या ट्रककडे पाठ. त्यांना तिथे पळायची हौस नाही, गावात मैदान नाही किंवा आहे त्याला कुलूप आहे, आणि सपाट डांबरी पट्टा तो एकच आहे.

म्हणून पळणाऱ्यांनो, नवीन असा की जुने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने पळा, म्हणजे आपल्याकडे रस्त्याच्या उजव्या कडेने, पाठीमागून आलेली गाडी तुम्हाला दिसत नाही, समोरून आलेली दिसते आणि बाजूला उडी तरी मारता येते. वळणावर, घाटात, जिथे समोरचं दिसत नाही तिथे पळूच नका. कानात काही घालू नका, एवढी गाण्याची गरज असेल तर मैदानात ऐका. पांढरा, पिवळा, नारिंगी असा टी-शर्ट घाला, चमकणारी पट्टी शंभर-दोनशे रुपयांत मिळते ती बांधा. तिघे-चौघे असाल तर एका मागे एक पळा, गप्पा मारायच्या तर गल्लीत. ड्रायव्हरला आपण दिसलोय असं कधीच धरून चालू नका, पहाटे पाचला रात्रभर गाडी चालवलेला माणूस पेंगत असतो. कुत्रं अंगावर आलं तर पळत सुटू नका, थांबा, त्याच्याकडे डोळे रोखून न बघता तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश चालत बाजूला व्हा, बहुतेक वेळा ते तुमच्या पळण्यामुळेच मागे लागलेलं असतं.

आणि ज्यांच्या हातात रस्ते आहेत त्यांच्याकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. एक म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावरचे दिवे पूर्ण उजाडेपर्यंत चालू ठेवा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजता उगवतो, आणि पळणारे, दूध-पेपर टाकणारे, शिकवणीला जाणाऱ्या मुली, सगळे त्याच्या आधी रस्त्यावर असतात. अंधार असला की बायका घरातून निघतच नाहीत, हे मी दर हिवाळ्यात बघते, ग्रुपमधल्या निम्म्या बायका फक्त उजेड नाही म्हणून थांबतात, थंडीचं त्यांना काही नसतं. दुसरं, शाळा-कॉलेजची मैदानं सकाळी पाच ते सात लोकांसाठी उघडी ठेवा, एक वॉचमन आणि एक नळ एवढंच लागतं. भरतीची पोरं हायवेवरून आत येतील. नवख्यांसाठी तर मातीच्या मैदानासारखं काहीच नाही, पायाला मार कमी, गाडीची भीती नाही, आणि दमलं की बसायला जागा. तिसरं, फुटपाथ. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे, आणि २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की चालण्यासारखा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आपल्याकडे फुटपाथवर डीपीचा बॉक्स असतो, फ्लेक्सचा खांब असतो, पार्क केलेल्या टू-व्हीलर असतात आणि त्यातून उरलेल्या जागेत फरशी उचकटलेली असते, त्यात पाय मुरगळून घोटा धरून बसलेले नवीन पळणारे मी बघितलेत, सहा-सहा आठवडे गेले त्यांचे. फुटपाथ धड असता तर ते आज पळत असते.

आणि रविवारी सकाळी दोन-तीन तास एखादा रस्ता गाड्यांना बंद करणं अजिबात अवघड नाही. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये मरीन ड्राइव्हसारख्या रस्त्यांवर संडे स्ट्रीट म्हणून ते करून दाखवलं, मुलं सायकली घेऊन आली, आज्या योगा करत होत्या. मुंबईसारख्या शहराला जमतं तर जिल्ह्याच्या गावाला, जिथे रविवारी सकाळी तशीही गर्दी नसते, तिथे का जमू नये? स्पर्धेच्या दिवशी वर्षातून एकदा अख्खं गाव बंद करतोच की आपण, पोलीस, ॲम्ब्युलन्स, पाण्याचे टेबल, सगळं चोख असतं. त्याच यंत्रणेने महिन्यातून एक रविवार दोन किलोमीटरचा तुकडा मोकळा करून द्यावा. पळायला लागणाऱ्याला त्या एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा बाकीच्या साध्या सकाळी जास्त लागतात.

संपादक महोदय, तुमच्याकडे मागणं एवढंच. दिवाळीनंतर चार-सहा रविवार पुरवणीत एक चौकट द्या, नवीन पळणाऱ्यांसाठी. या आठवड्यात काय करायचं, काय दुखलं तर थांबायचं, असं एकदम साध्या भाषेत, आणि त्याच चौकटीत खाली जिल्ह्यातली कुठली मैदानं सकाळी उघडी असतात त्यांची यादी छापा, बातमीदार फिरून बघून येऊ देत, कुलूप असेल तर कुलूप आहे असंच लिहा. आणि पुढच्या स्पर्धेचं पान कराल तेव्हा पहिल्या आलेल्यांच्या शेजारी पहिल्यांदाच पाच किलोमीटर पूर्ण केलेल्या एखाद्या बाईचा, मग ती कितीही मागून आलेली असो, फोटो आणि ती कशी तयार झाली ते चार ओळीत टाका. चौकटीसाठी माहिती जमवायला, मैदानं बघून यायला माणसं कमी पडली तर आमच्या ग्रुपमधल्या बायका आनंदाने मदत करतील, त्यांना मी आधीच विचारून ठेवलंय.

आपली,
एक नियमित वाचक,
सातारा